अक्षता पडेपर्यंत

आमच्याकडं सुतक कानानं लागतं. माणूस गेला त्या क्षणी ते लागत नाही, तो गेल्याचं तुमच्या कानावर आलं की लागतं. शास्त्रात काय लिहिलंय ते शास्त्र्यांनी बघावं. पाचोडपासून करमाडपर्यंत आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांत हाच कायदा चालतो. त्यामुळं लग्न तोंडावर असताना नात्यातलं कुणी वारलं तर लोक बातमी वाटेतच अडवून धरतात. फोन उचलत नाहीत, चेहरा पाडत नाहीत, समोरचा सांगायला तोंड उघडतोय असं दिसलं तर "नंतर बोलू" म्हणून उठून जातात. कानावर आलं नाही म्हणजे घडलंच नाही, असं धरून अक्षता पडेपर्यंत वेळ काढायचा.

लहानपणी मला याची गंमत वाटायची. कॉलेजात गेल्यावर हे निव्वळ ढोंग वाटायला लागलं, आणि तसं मी घरात बोलूनही दाखवायचे. बाबा म्हणायचे, "हिला वकील करायला पाहिजे होतं." वकील झाले नाही. मास्तरीण झाले, त्यातही तत्त्वज्ञानाची.

शहरातल्या एका कॉलेजात मी नीतिशास्त्र शिकवते. दरवर्षी उपयुक्ततावादाचा धडा येतो. एखादी गोष्ट चांगली की वाईट हे तिच्यातून किती जणांना किती सुख झालं आणि किती जणांना किती दुःख, यावरून ठरवायचं. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. मुलांना हा धडा फार आवडतो, कारण बेरीज-वजाबाकी सगळ्यांनाच येते. मी त्यांना पाण्याचं उदाहरण देते: टाकीत पाणी थोडं आहे, आधी कोणत्या वसाहतीला सोडायचं? या शहरातल्या मुलांना हे उदाहरण समजावून सांगावं लागत नाही. ती एकमेकांच्या अंगावर धावून जातात, आणि माझा तास मजेत निघून जातो.

एक उदाहरण मात्र मी वर्गात कधीच देत नाही. ते माझ्याच लग्नाचं आहे. माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी माझा मामा गेला, आणि माझ्या आईला तिच्या एकुलत्या एका भावाचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही.

मामा आईपेक्षा लहान. तिनं त्याला कडेवर वागवलेला. पाचोडला त्याची मोसंबीची बाग होती, पण बागेपेक्षा त्याची बडबड मोठी. जगाशी तो इतका बोलायचा आणि बहिणीशी बोलताना मात्र त्याला शब्द सापडायचे नाहीत. रोज सकाळी आईला त्याचा फोन यायचा. त्या फोनात काहीही नसायचं.

"भाजी काय?"

"मेथी."

"सुकी का पातळ?"

"पातळ."

"कामून पातळ? सुकी करायची."

"तू ये अन् कर."

एवढं झालं की दोघंही फोन ठेवून द्यायची. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर आई दुपारपर्यंत भांडी आदळायची, पण स्वतःहून लावायची नाही. थोरली ती, मान तिचा. बाबा तिला चिडवायचे, की दोन मुकी माणसंसुद्धा याच्यापेक्षा जास्त गप्पा मारतील. आई म्हणायची, "आमचं आमाला कळतंय."

माझं स्थळ मामानंच आणलं. करमाडचं घर, मुलगा शेंद्र्याच्या कंपनीत नोकरीला. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे नोकरी होती असंही म्हणता येत नव्हतं आणि नव्हती असंही नाही. मामा करमाडला जाऊन काय काय बोलून आला देव जाणे, पण सासरच्यांची अशी समजूत झाली होती की कॉलेज मीच चालवते. लग्नाच्या तयारीत त्यानं सगळ्यांना जेरीला आणलं. सगळ्यात मोठं भांडण फेट्यांवरून झालं. बाबांनी केशरी फेटे सांगितले होते, मामाला गुलाबी हवे होते. "नवरीचा मामा हाय मी," तो म्हणाला, "मांडवात उठून दिसाया पायजे." शेवटी सगळ्यांना केशरी आणि त्याच्या एकट्यासाठी गुलाबी, असा तह झाला.

शहराचं नाव तेव्हा बदललं नव्हतं. पत्रिकेवर जुनंच छापलेलं आहे. बीड बायपासच्या एका लॉन्सवर लग्न होतं. हळदीला मामा आला, स्वतः नाचला, आईला हाताला धरून नाचवली. आई आयुष्यात त्याआधी कधी नाचलेली नव्हती. दिवेलागणीच्या आधी तो पाचोडला परत गेला, कारण बाकीची मंडळी सकाळी टेम्पोनं घेऊन यायची जबाबदारी त्याची होती.

पुढचं मला फार नंतर चुलत मामानं सांगितलं. चुलत मामा म्हणजे आईच्या चुलत्याचा मुलगा. तो शहरातच राहतो आणि लग्नाच्या सकाळी आमच्याबरोबर लॉन्सवरच होता. उजाडता उजाडता त्याला पाचोडहून फोन आला. पाहुण्यांसाठी मोसंबीचे कॅरेट टेम्पोत चढवताना मामाच्या छातीत दुखायला लागलं होतं. गाडीत घालून शहराकडं निघाले, पण आडूळच्या पुढं येईपर्यंत तो संपला होता. फोनवर मामीच बोलत होती. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "अक्कांना सांगू नका. पोरीच्या डोक्यावर अक्षता पडू द्या. ह्यांचा जीव त्यातच व्हता." मग तिनं गावातल्या लोकांना बजावलं, की नवरी माहेरी परत येईपर्यंत कुणी मोबाईलवर स्टेटसला फोटो ठेवायचा नाही आणि ग्रुपवर श्रद्धांजलीचं एक अक्षर टाकायचं नाही. टेम्पो तिनं थांबवला नाही. जे भावकीतले नव्हते त्यांना तिनं नव्या कपड्यांत लग्नाला पाठवलं.

चुलत मामा फोन ठेवून आईकडं गेला. आई आतल्या खोलीत ओटीचं सामान लावत होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, आणि त्यानं तोंड उघडायच्या आत म्हणाली, "थांब. कायबी बोलू नको."

तो थांबला.

"टेम्पो निघाला का?"

"निघाला."

"तो हाय का त्यात?"

चुलत मामानं नाही म्हणून मान हलवली. नुसती मान. आईनं हातातलं खोबरं परातीत ठेवलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "जा, भटजींना चहा नेऊन दे."

एवढंच. कुणी काही सांगितलं नाही, कुणी काही ऐकलं नाही. आमच्या कायद्याप्रमाणं तिचा भाऊ त्या क्षणी जिवंत होता. चुलत मामानं बाबांना गाठलं. बाबांनी विचारलं, "तिला कळलंय का?" तो म्हणाला, "सांगितलं नाय." बाबा म्हणाले, "मी विचारतोय, कळलंय का." "कळलंय," तो म्हणाला. बाबा थोडा वेळ खुर्च्यांच्या ढिगाशेजारी उभे राहिले आणि मग बँडवाल्यांना जागा दाखवायला गेले.

इकडं मी आरशासमोर बसले होते आणि मेकअपवाली माझ्या भुवयांशी झटत होती. मामा आला नाही हे मला कळलं तेव्हा आई म्हणाली, "त्याचं बीपी वाढलंय. सलाईन लावलीय." मी म्हणाले, व्हिडिओ कॉल लाव. आई म्हणाली, दवाखान्यात रेंज नाही. मला राग आला. ज्यानं हे लग्न जमवलं, आठ दिवस सगळ्यांचं डोकं खाल्लं, तो आजच्या दिवशी सलाईन लावून पडतो म्हणजे काय? मी म्हणाले, "बीपी-बिपी काही नाही. रुसला असेल. मानपानात काहीतरी कमी पडलं असेल त्याला." खोलीत पाचोडच्या दोघी-तिघी बायका होत्या. त्या सगळ्या एकदम गप्प झाल्या. मग आई हसली. "असंल," ती म्हणाली, "लहानपणापासून रुसकाच हाय तो." आणि मग त्या बायकाही हसल्या.

तो गप्पपणा मला तेव्हा कळला नाही. आता मी कुठल्याही खोलीत गेले आणि माणसं एकदम गप्प झाली की मी आधी विचारते, कोण गेलं?

मंगलाष्टकांना मला चुलत मामानं मांडवात आणलं. त्याच्या कानावर आलेलं होतं, म्हणजे सुतक त्याला लागलेलं होतं, पण ते त्यानं दिसू दिलं नाही. त्याच्या डोक्यावर तो गुलाबी फेटा होता. फेटा त्याला सैल होत होता आणि तो एका हातानं सावरत होता. मी त्याला हळूच म्हणाले, "तुम्हाला शोभत नाही हा." तो म्हणाला, "व्हय बाई." मला तेव्हा खूप आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही. समोर अंतरपाट, पलीकडं माझा नवरा, बाजूला आई नव्या साडीत. अक्षता पडल्या. त्याच सुमारास पाचोडला मामाला उचललं.

आमच्याकडं लग्नानंतर दोन दिवसांनी नवरी नवऱ्यासह माहेरी येते, त्याला मांडव परतणी म्हणतात. मी आले तेव्हा दारातला मांडव अजून तसाच होता. आई मला ओवाळायला पुढं आली नाही, काकू आली. आत गेले तर आई भिंतीला टेकून बसलेली, समोर बाबा, आणि घरातली सगळी माणसं उभी. बाबा म्हणाले, "मामा गेला, बेटा. लग्नाच्या दिवशी सकाळीच." मग ते आईकडं वळून तेच पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. ते तिच्या कानावर घालत होते. बाबांचं वाक्य संपलं आणि तिनं असा टाहो फोडला की माझा नवरा दोन पावलं मागं सरकला.

मी रडले, पण आधी भडकले. मला माणसासारखं रडतासुद्धा येत नाही, आधी भांडावं लागतं. मी बाबांना म्हणाले, मला विचारलं का कुणी? लग्न माझं, मामा माझा. तुम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंत की मी हसायचं. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "विचारलं असतं तर सांगितल्यासारखंच झालं असतं. मग विचारून काय उपयोग?"



संध्याकाळी आम्ही पाचोडला गेलो. आई आणि मामी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि बराच वेळ दोघींचा आवाज कुणाचा कुठला ते कळत नव्हतं. मामीनं दोन दिवस आवरून धरलेलं ते होतं. ओसरीवर गावातल्या बायका बसलेल्या होत्या. आवाज बसल्यावर मामीनं डोळे पुसले, आईसमोर नीट मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आता लग्न सांगा."

"काय सांगू, माय," आई म्हणाली.

"सगळं सांगा. मी माझं तोंड दाबून बसले व्हते. कशासाठी बसले व्हते ते मला कळू द्या, अक्का."

आणि आईनं सांगितलं. त्या सुतकाच्या घरात, जिथं चूल पेटलेली नव्हती, तिथं बसून तिनं सगळं लग्न पहिल्यापासून सांगितलं. शालू कसला होता, बँड किती वेळ वाजला, जावयानं नाव काय घेतलं, विहीणबाई कशा वागल्या, पाठवणीला बाबा कसे रडले. मामी मध्येमध्ये विचारत होती. लोक किती आले होते? करमाडचे खूश झाले का? फेटा कुणी घातला? आई उत्तरं देत होती, आणि ओसरीवरच्या बायका माना डोलवत होत्या. मी खांबापाशी उभी होते. माझ्या हातावरची मेंदी अजून गडद होती, मी हात पदराखाली लपवले.

शेवटी मामीनं विचारलं, "पोरगी हसत व्हती का?"

"व्हय," आई म्हणाली. "लई हसत व्हती."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मग बरं," मामी म्हणाली.

त्यानंतरची सगळी वर्षं मी ही बेरीज करत आले आहे. एका बाजूला काय काय मांडता येईल? लग्न पार पडलं. माझा संसार चांगला चालला आहे, नवरा चांगला आहे, एक मुलगी आहे. आलेली माणसं पोटभर जेवून गेली. सासूबाईंना सगळं कळलं तेव्हा त्या स्पष्ट म्हणाल्या, "कळालं असतं तर आमी मांडवातून उठलो असतो, आन् मग पुन्हा काय झालं असतं कुणाला ठाऊक." गावातले लोक म्हणाले, मामाच्या आत्म्याला शांती मिळाली. अगदी मामीसुद्धा म्हणाली, बरं. एवढी माणसं सुखी झाली. आणि दुसऱ्या बाजूला एकच गोष्ट: एका बहिणीनं भावाचं तोंड बघितलं नाही. माझ्या पुस्तकातल्या हिशेबानं तर हा प्रश्न वर्गात विचारण्याइतकाही अवघड नाही.

तरी मी तो हिशेब मानला नाही. मी आईशी भांडत राहिले. माझं म्हणणं एकच होतं, की ज्याचं दुःख आहे त्याला ते सांगितलंच पाहिजे. ते त्याच्या हक्काचं असतं आणि दुसऱ्याच्या सुखासाठी ते लांबवायचा अधिकार कुणालाच नाही. आई म्हणायची, "झालं ना आता. सोड." मी सोडत नव्हते. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ज्याला फसवलंय त्याचं सुख बेरजेत धरायचं का?" मी तिला पुस्तकातलं उत्तर दिलं, की वाटलेलं सुख ते सुखच, ते धरावं लागतं. तिला ते पटलं नाही आणि मलाही नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला फोन करून पुन्हा तेच भांडण काढलं. ती म्हणाली, "तुला पगार याचाच देत्यात का?"

माझ्या भांडणाच्या बुडाशी एक समजूत होती. ती अशी, की त्या दिवशी आईनं अभिनय केला. लग्नाच्या अल्बममधली तिची हसरी तोंडं मी पुन्हा पुन्हा बघायचे आणि प्रत्येक हसण्यामागं ती आतल्या आत किती मेली असेल याचा विचार करून रडायचे. तिचं ते सुख खोटं होतं, म्हणूनच ती बेरीज चुकीची आहे, असं मी स्वतःला पटवलं होतं. काळजावर दगड ठेवून तिनं दिवस काढला. आमच्याकडं लोक अजूनही तिचं उदाहरण देतात. बाई असावी तर अशी, म्हणतात. आई त्यावर काही बोलत नाही. नम्रपणामुळं बोलत नसेल, असं मला वाटायचं.

बाबा गेल्यानंतर आई सिडकोत माझ्याकडं राहायला आली. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी आम्ही दोघी गॅलरीत उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. खालच्या मजल्यावरची शेजारीण घाईघाईनं वर आली. तिच्या मुलीचं लग्न दुसऱ्याच दिवशी होतं. तिच्या जावेचे वडील सकाळी देवगाव रंगारीला वारले होते, आणि जाऊ खाली लाडू वळत बसली होती. तिला अजून माहीत नव्हतं. शेजारीण आईच्या शेजारी टेकली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही हे केलंय. उद्यापर्यंत तिच्यापासून कसं लपवायचं ते सांगा. एवढी माणसं आलीत हो, सगळ्यांच्या आनंदावर विरजण पडेल."

आईनं हातातली शेंग खाली ठेवली. "सांग तिला," ती म्हणाली.

"अहो, पण काकू..."

"आता सांग. गाडी कर अन् धाड तिला. पोचंल अजून."

"लग्नाचं काय मग?"

"लग्न हुईल. नाय झालं तर नाय झालं. जा, सांग."

शेजारीण नाराज होऊन चहा न घेताच गेली. पुढं त्यांनी काय केलं ते आम्ही विचारलं नाही. मी मात्र आईकडं बघतच राहिले. इतकी वर्षं मी जे म्हणत होते तेच ती म्हणाली होती. मला विजय झाल्यासारखं वाटलं, आणि मी लगेच तोंड सोडलं. "मग माझ्याशी का भांडत होतीस?" मी म्हणाले. "एवढा धीर धरून तू सगळं केलंस, आणि आता दुसरीला..."

"धीर कशाचा," आई म्हणाली.

ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. सोलता सोलताच म्हणाली, "लोकं म्हणत्यात लई धीराची बाई. मला धीर नव्हता. मी विसरले व्हते."

"काय विसरलीस?"

"त्याला."

मला काहीच कळेना. ती माझ्याकडं न बघता बोलत होती.

"तुझ्या डोक्यावर अक्षता पडल्या अन् मला विहिणीच्या पंगतीला बसवलं. सकाळपासून पोटात कण नव्हता. तुझ्या सासूनं जिलबीचा घास दिला. पहिला घास गिळायचा म्हणून गिळला. मग गोड लागला. लई गोड लागला, बाई. समोर तुमी दोघं बसलेले, जावई नाव घेत व्हते, बाया हसत व्हत्या. मी बी हसले. वाढपी आला तवा मी ताट पुढं केलं अन् म्हणले, अजून एक दे. मीच मागितली. माझ्या तोंडानं."

"आई, भूक लागते गं माणसाला," मी म्हणाले.

"भुकेचं नाय म्हणत मी." तिनं मान हलवली. "कुणी सांगितलं नव्हतं ना मला. म्हणून बरं गेलं विसरून. त्या येळेला मला भाऊच नव्हता. जिता बी नव्हता अन् मेलेला बी नव्हता. हात धुवायला उठले, नळ सोडला, तवा आठवलं. तवर मी सुखी व्हते. खरंच सुखी व्हते मी. तिकडं त्याला घेऊन चालले व्हते, अन् मी सुखी व्हते."

ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. माझ्या सगळ्या भांडणाचा पाया तिनं काढून घेतला होता. सुख खोटं होतं म्हणून मी ते कधी बेरजेत धरलं नव्हतं, आणि ते तर खरं निघालं. मी शिकवते त्या नियमानं ते चांगल्या बाजूला मांडावं लागतं. तेच ती इतकी वर्षं एकटी घेऊन बसली होती, आणि आम्ही सगळे तिला थोर म्हणत होतो. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्यात तशी सवय नाही. मी तिच्या पुढ्यातल्या शेंगा माझ्याकडं ओढून घेतल्या.

शेंगा संपत आल्या तेव्हा ती म्हणाली, "वर गेल्यावर भेटला, अन् त्यानं विचारलं, अक्का, मी गेलो त्या दिवशी तू रडली का? तर काय सांगू मी त्याला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. ती खरंच विचारत होती. माझ्याशिवाय तिला विचारायला दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

"रडले म्हणून सांग," मी म्हणाले. "दुसरं काही सांगू नकोस त्याला."